पक्की वही, कच्ची वही : चाचणीचा डेटा आणि मराठी नावे

माझा व्यवसाय संगणकाचा आहे आणि साहित्याशी माझे नाते वाचकाचे. तरीही अकादमीच्या वार्षिकात हा अभ्यासलेख लिहावासा वाटला, याला कारण आहे. बँक, पतसंस्था, शाळा, ग्रंथालय अशा प्रत्येक ठिकाणी आज आपले नाव संगणकात नोंदलेले असते. ती नोंद सांभाळणारे प्रोग्राम ज्या डेटावर तपासले जातात, त्यात मराठी नावे कशी असतात, कोणाची असतात आणि ती तेथे कोठून येतात, हा प्रश्न जितका संगणकाचा आहे तितकाच भाषेचा आहे. मी वडोदऱ्यात वाढलो आणि येथेच सहकारी संस्थांच्या हिशेबाचे प्रोग्राम लिहीत आलो. या कामात माझ्या हातून एक चूक घडली. तिच्यापासून जे शिकलो, ते शिक्षक, विद्यार्थी आणि लेखक यांच्यापुढे पाठाच्या रूपाने मांडतो.

१. दोन वह्या

जुन्या पेढीवर दोन वह्या असत. दिवसभराचा व्यवहार आधी कच्च्या वहीत टिपायचा, बेरजा तपासायच्या आणि मग तो पक्क्या वहीत उतरवायचा. कच्च्या वहीत खाडाखोड चाले, पक्क्या वहीत चालत नसे.

संगणकाच्या प्रणालीतही अशाच दोन, बहुधा तीन, जागा असतात. ज्या प्रणालीवर संस्थेचे रोजचे खरे काम चालते तिला ‘प्रॉडक्शन’ म्हणतात. प्रोग्राम लिहिणारे जेथे नवे बदल करून पाहतात ती ‘डेव्हलपमेंट’. आणि या दोहोंच्या मध्ये, बदल पक्क्यात जाण्यापूर्वी जेथे तपासला जातो ती ‘टेस्टिंग’. या लेखात मी पहिलीला पक्की वही आणि उरलेल्या दोन्हींना मिळून कच्ची वही म्हणेन.

कच्च्या वहीत प्रोग्राम तपासायचा तर काही नोंदी हव्यात. आम्ही त्या हाताने भरत असू. कंटाळलेला माणूस हाताने काय भरतो, हे पाहण्यासारखे असते. खातेदाराचे नाव ‘अबक’, पत्ता ‘टेस्ट’, रक्कम १००, जन्मतारीख १ जानेवारी. दुसरा खातेदार ‘अबक दोन’. अशा दोनशे नोंदींवर प्रोग्राम उत्तम चालतो. पक्क्या वहीत मात्र २९ फेब्रुवारीला जन्मलेला सभासद असतो, अज्ञान म्हणून उघडलेले आणि आता सज्ञान झालेल्या मुलाचे खाते असते, जामीनदार वारला आहे असे कर्ज असते, बंद करून पुन्हा उघडलेले खाते असते. शिवाय नोंदी दोनशे नसतात, काही लाख असतात. दोनशे नोंदींवर डोळ्याचे पाते लवण्याआधी निघणारा अहवाल दोन लाखांवर अर्धा तास घेऊ शकतो.

म्हणून अधूनमधून पक्क्या वहीची नक्कल काढून ती कच्च्या वहीत घालतात. याला आमच्या धंद्यात ‘रिफ्रेश’ म्हणतात. शिळा झालेला डेटा काढून ताजा भरायचा. ऐकायला काम सोपे आहे. रात्री पक्क्याचा बॅकअप घ्यायचा आणि कच्च्याच्या सर्व्हरवर उतरवायचा. मीही तसेच केले होते.

२. घडलेली चूक

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका पतसंस्थेच्या कच्च्या वहीतला डेटा फार जुना झाला होता. मी शनिवारी रात्री पक्क्याचा बॅकअप उतरवला आणि निर्धास्त घरी गेलो. रविवारी आमच्या सहकाऱ्यांनी मुदतठेव मुदतीपूर्वी मोडण्याचा नवा प्रोग्राम तपासला. त्यांनी चाळीसेक खात्यांवरच्या ठेवी मोडून पाहिल्या आणि प्रोग्राम बरोबर चालला.

फार बरोबर चालला. ठेव मोडल्यावर खातेदाराला मोबाइलवर संदेश पाठवण्याची सोय त्यात होती. संदेश कोणत्या सेवेमार्फत पाठवायचा, तिचा पत्ता आणि परवलीचा शब्द कोणता, हे सारे प्रणालीत एका टेबलमध्ये लिहिलेले असते. कच्च्या वहीत त्या जागी ‘पाठवू नये’ असे आम्ही नमूद केले होते. पण मी संपूर्ण बॅकअप उतरवला, तेव्हा ते टेबलही पुसले गेले आणि त्याच्या जागी पक्क्या वहीतले आले. चाळीस घरांत रविवारी दुपारी संदेश पोहोचला : आपली मुदतठेव मोडण्यात आली आहे.

सोमवारी सकाळी संस्थेच्या दारात माणसे उभी होती. त्यांत मराठी शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी होते, हातात पासबुक आणि ठेवीची पावती. पैसे जागेवर आहेत हे आम्ही त्यांना दाखवले, चुकीबद्दल क्षमा मागितली. त्यांनी शांतपणे सर्व ऐकून घेतले आणि मला विचारले, “पैसे आहेत हे कळलं. पण तुम्ही तालीम करत होता म्हणता, तर तुमच्या तालमीत माझं नाव कसं आलं? मी नंबर दिला तो माझ्या खात्यासाठी.”

मी तेव्हा त्यांना तांत्रिक कारण सांगितले. ते त्यांच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, हे मला थोड्याच दिवसांत उमगले. आमच्याकडे शिकाऊ म्हणून आलेली एक मुलगी त्या कच्च्या वहीवर अहवाल तपासत होती. दुपारी ती माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, “सर, मला दुसरं काम द्याल का? या थकबाकीच्या यादीत आमचे काका आहेत. घरी कोणालाच माहीत नाही. मी कोणाला सांगणार नाही, पण आता त्यांच्यासमोर बसायचं कसं?”

संदेश एकदा चुकून गेला आणि सर्वांना दिसला. नावे मात्र त्या कच्च्या वहीत महिनोन्‌महिने उघडी पडली होती आणि ते कोणालाही दिसले नव्हते. दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी होती.

३. नक्कल काढण्याचा क्रम

त्यानंतर आम्ही जो क्रम ठरवला तो सांगतो. तंत्र कोणतेही असो, डेटाबेस ओरॅकलचा असो की पोस्टग्रेसचा, क्रम हाच राहतो.

पहिली पायरी : किती हवे ते ठरवावे. सगळी वही उचलण्याची गरज क्वचितच असते. पण थोडी पाने काढताना वही तुटू नये. पाचशे सभासद निवडले, तर त्यांची खाती, त्या खात्यांचे व्यवहार आणि त्यांच्या कर्जांचे जामीनदार हेही आले पाहिजेत. जामीनदार स्वतः सभासद असतो, त्याचेही कर्ज असते, त्यालाही जामीनदार असतो. हा धागा संपेपर्यंत ओढावा लागतो, अथवा कोठे तोडायचा हे विचारपूर्वक ठरवावे लागते. न ठरवता तोडला, तर प्रोग्राम नसलेला सभासद शोधत बसतो.

दुसरी पायरी : मधली खोली. बॅकअप थेट कच्च्या वहीत उतरवू नये. तो आधी एका वेगळ्या सर्व्हरवर उतरवावा. तेथे दोघा-तिघांखेरीज कोणाला प्रवेश नसावा आणि बाहेरच्या जाळ्याशी त्याचा संबंध नसावा. नावे बदलायची ती येथे.

तिसरी पायरी : बाहेरचे दोर कापावेत. संदेशसेवा, ईमेल, पैसे पाठवण्याची सेवा, ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामे, दुसऱ्या संस्थांशी जोडलेले दुवे हे सगळे नकलेबरोबर येतात, कारण त्यांचे पत्ते डेटाबेसमध्येच लिहिलेले असतात. सॅपसारख्या मोठ्या प्रणालीतही प्रत्येक प्रणालीचे स्वतःचे नाव तिच्या टेबलांत नोंदलेले असते. नक्कल केल्यावर ते नाव बदलण्याचे काम तेथे स्वतंत्र पायरी म्हणून करतात. न बदलल्यास कच्ची प्रणाली स्वतःला पक्की समजते. माझ्या हातून नेमके हेच घडले होते. शिवाय एका दोरावर विसंबू नये. टेबलातला पत्ता बदलावाच, आणि कच्च्या सर्व्हरवरून बाहेर जाणारी वाटही जाळ्याच्या पातळीवर बंद करावी.

चौथी पायरी : कच्च्या वहीत जपण्यासारखे काय आहे ते आधी बाजूला काढावे. काम करणाऱ्यांची प्रवेशनावे, त्यांचे अधिकार, अर्धवट झालेले बदल. कच्ची वही पक्कीच्या पुढे असते. उद्या येणारा नवा रकाना तिच्यात आजच असतो. पक्क्याची नक्कल उतरली की तो रकाना नाहीसा होतो. म्हणून रकाने बदलण्याच्या सूचना क्रमाने लिहून ठेवाव्यात आणि नकलेनंतर त्या पुन्हा चालवाव्यात.

पाचवी पायरी : नावांना मुखवटा. हा या लेखाचा मुख्य विषय आहे. पुढील भागात तो सविस्तर घेतो.

सहावी पायरी : मधल्या खोलीतून कच्च्या वहीत नेताना फाइल जशीच्या तशी उचलू नये. डेटाबेसमध्ये नोंद बदलली तरी जुनी नोंद फाइलीच्या पोटात काही काळ राहते आणि व्यवहारांच्या नोंदवहीतही तिचा माग असतो. बदललेला डेटा नव्याने निर्यात करून तोच पुढे न्यावा आणि मधली खोली पुसून टाकावी.

सातवी पायरी : ताळा. नोंदींची संख्या जुळते का, नावे आणि जमेच्या बेरजा समान आहेत का, हे पाहावे. मग काही खरी आडनावे घेऊन सगळ्या रकान्यांत शोध करावा. हमखास सापडतात ती ‘शेरा’ या रकान्यात. तेथे कारकुनाने लिहिलेले असते की सभासदाच्या मोठ्या भावाशी फोनवर बोलणे झाले, आणि भावाचे नावही असते.

शेवटी कच्च्या वहीच्या प्रत्येक पडद्यावर ठळक रंगाची पट्टी आणि ‘चाचणी’ हा शब्द ठेवावा. नक्कल कोणत्या तारखेची आहे तेही लिहावे.

४. मराठी नावाला मुखवटा

खऱ्या नावाच्या जागी खोटे नाव घालण्याला ‘मास्किंग’ म्हणतात. मी पहिल्या प्रयत्नात सर्वांना ‘सभासद १’, ‘सभासद २’ करून टाकले. गुप्तता पूर्ण राखली गेली, आणि चाचणी निरुपयोगी झाली. कारण मराठी नावांत जे जे अवघड होते ते सगळे त्याबरोबर निघून गेले. मुखवटा चेहऱ्याच्या मापाचा हवा. ते माप कसे घ्यावे हे सांगताना पुढची उदाहरणे मी बनवलेली आहेत.

(अ) लांबी. ‘ज्ञानेश्वर’ हा शब्द वाचकाला चार अक्षरांचा दिसतो : ज्ञा, ने, श्व, र. युनिकोडमध्ये तो दहा चिन्हांचा आहे : ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. युटीएफ-८ या पद्धतीने साठवताना देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून हा शब्द तीस बाइटचा होतो. रोमन लिपीतले एक अक्षर एकच बाइट घेते. आता ‘ज्ञानेश्वर पुरुषोत्तम सूर्यवंशी’ हे नाव पाहा. मोकळ्या जागांसह ३१ चिन्हे आणि ८९ बाइट. नावासाठी ६० बाइट राखून ठेवणाऱ्या प्रोग्रामने ते कापले, तर काप ‘पुरुषोत्तम’ मधल्या ‘म’च्या तीन बाइटांपैकी दोन झाल्यावर पडतो. आडनाव जाते आणि ‘म’च्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटते. ओरॅकलमध्ये रकान्याची लांबी वेगळे न सांगितल्यास सहसा बाइटमध्ये मोजली जाते, पोस्टग्रेसमध्ये चिन्हांमध्ये. ‘अबक’ या नावावर हा दोष शंभर वर्षे सापडणार नाही. म्हणून लांब नावाच्या जागी लांबच नाव घालावे.

(आ) चिन्हे. ‘कऱ्हाडे’ हे आडनाव संगणकात दोन प्रकारे टंकले जाते. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह, त्याला हलन्त आणि मग ‘ह’. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग ‘ह’. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात आणि शोधताना एकमेकांना सापडत नाहीत. काही प्रोग्राम अदृश्य चिन्ह निरुपयोगी समजून काढून टाकतात. मग ‘कऱ्हाडे’चे ‘कर्हाडे’ होते. या भेदाचे महत्त्व मराठीच्या शिक्षकाला सांगायला नको. आचार्यांना दिलेली दक्षिणा आणि आचाऱ्यांना दिलेला पगार यांत तेवढ्याच एका खुणेचे अंतर आहे. ‘ॲड.’ हा वकिलांच्या नावामागचा शब्दही असाच. ‘ॲ’ हे अखंड चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीच्या नोंदींत ‘अ’ आणि वर चंद्र अशी जोडी असते. युनिकोडचे प्रमाणीकरण या दोहोंना एक मानत नाही. प्रोग्रामला ते वेगळे शिकवावे लागते.

(इ) क्रम. चिन्हांच्या क्रमांकांनुसार यादी लावली तर ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये येतो, ‘क्ष’ हा ‘क’खाली आणि ‘ज्ञ’ हा ‘ज’खाली. शाळेत शिकवलेल्या वर्णमालेत मात्र हे तिघे ‘ह’नंतर येतात. सभासदांची यादी कोणत्या क्रमाने हवी हे संस्थेने ठरवायचे, पण क्ष-ज्ञची नावे चाचणीत असतील तरच हा प्रश्न कोणाला सुचेल.

(ई) नात्याचे नाव. आपल्या नावातला मधला शब्द वडिलांचा किंवा पतीचा असतो. वडील त्याच संस्थेचे सभासद असतील, तर त्यांचे नाव बदलताना मुलाचे मधले नावही तेच व्हायला हवे, आणि दोघांचे आडनावही एकच. म्हणून एका नावाला सगळ्या टेबलांत एकच मुखवटा मिळावा. हे गणिती सूत्राने साधता येते. पण सूत्र उघडे असेल, तर कोणीही आडनावांची यादी त्यातून घालवून कोणाचा मुखवटा कोणता ते ताडू शकतो. आपली आडनावे यादी करता येईल एवढीच. म्हणून सूत्राला गुप्त किल्ली हवी, आणि ती किल्ली मधल्या खोलीबाहेर जाता कामा नये.

(उ) सामान्यरूप. पत्र छापणारा प्रोग्राम नावाला ‘ला’ किंवा ‘चे’ जोडतो तेव्हा ‘सीताला’, ‘सीताचे’ असे काही तयार होते. कोणत्याही शाळेत यावर लाल रेघ पडेल. ‘यांना’, ‘यांचे’ वापरून ही अडचण टाळता येते. पण ती दिसण्यासाठी चाचणीत अकारान्त, आकारान्त, ईकारान्त, ऊकारान्त आणि एकारान्त अशी सर्व प्रकारची, स्त्रियांची आणि पुरुषांची नावे लागतात.

(ऊ) नावाला बांधलेले आकडे. आयकराच्या पॅन क्रमांकात, व्यक्ती असल्यास, पाचवे अक्षर आडनावाचे रोमन आद्याक्षर असते. आडनाव बदलले आणि पॅन तसाच राहिला, तर खरे आद्याक्षर उघडे पडते आणि तपासणीही अडते. आधार क्रमांकाचा शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून ठरतो, म्हणून मनाला येईल तो बारा अंकी आकडा चालत नाही. जन्मतारीख काही दिवस पुढेमागे करावी, पण अठरा आणि साठ या सीमा ओलांडू देऊ नयेत. नाही तर अज्ञान सज्ञान होतो आणि ज्येष्ठ नागरिकाचे जादा व्याज जाते. मोबाइल क्रमांक तर कधीच नुसता बनवू नये. आपण बनवलेला दहा अंकी क्रमांक कोणाच्या तरी खिशात वाजतो. आम्ही सर्व सभासदांना आमच्या कार्यालयातला एकच क्रमांक देतो. ईमेलसाठी ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ हे नाव १९९९ पासून अशाच कामासाठी राखून ठेवलेले आहे.

५. मूठभर समाजाची अडचण

नाव बदलले म्हणजे माणूस लपला, असे मी बरीच वर्षे समजत होतो. तसे नाही. अमेरिकेत लतान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवून दिले की पोस्टाचा पाच अंकी क्रमांक, लिंग आणि पूर्ण जन्मतारीख या तीन गोष्टींवरून तेथील सुमारे ८७ टक्के लोक एकमेव ठरू शकतात. २००६ साली ‘एओएल’ या कंपनीने सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे शोध नावांऐवजी क्रमांक घालून अभ्यासकांसाठी खुले केले. थोड्याच दिवसांत एका वृत्तपत्राने त्या क्रमांकांपैकी एकामागची वृद्ध स्त्री शोधून काढली. ती जे शोधत होती त्यावरूनच ती ओळखू आली.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला ही गोष्ट अधिक लागू पडते. पुण्यात ‘जोशी’ म्हटल्याने कोणी ओळखला जात नाही. पण वडोदऱ्यातल्या एखाद्या संस्थेत मराठी आडनावे थोडी असतात. त्यांपैकी दांडिया बाजारात राहणारा, शिक्षक म्हणून निवृत्त झालेला आणि दोन मुलांचा जामीनदार एकच असतो. त्याच्या ‘जोशी’चे ‘कुलकर्णी’ केले तरी मोहल्ल्यातला माणूस क्षणात ओळखतो. इंदूर, हैदराबाद, बेळगाव येथील वाचकांना हे समजावून सांगावे लागणार नाही. उलट सगळ्यांना गुजराती आडनावे दिली, तर माणूस लपतो आणि मराठी नावांची चाचणी बुडते.

यावर पुरता उपाय माझ्याकडे नाही. आम्ही करतो ते असे. व्यवसाय आणि पत्ता सभासदांत फिरवून टाकतो. मराठी नावांचे प्रमाण संस्थेत आहे त्याहून मुद्दाम वाढवतो, म्हणजे मराठी नाव ही खूण राहत नाही. रकमा मात्र तशाच ठेवतो, कारण त्या बदलल्या की ताळा जमत नाही. म्हणजे आपल्या ठेवीचा आकडा ज्याला पाठ आहे तो आपली नोंद शोधू शकेल. म्हणून मुखवटा घातलेला डेटाही आम्ही निनावी समजत नाही. तो मोजक्याच लोकांना पाहता येतो आणि काम संपल्यावर पुसला जातो. ज्या चाचणीला बनावट नोंदी पुरतात तेथे पक्की वही उघडतच नाही.

आता याला कायद्याचाही आधार आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ साली संमत झाला. ज्या कामासाठी माहिती दिली त्याच कामासाठी ती वापरावी, हे तत्त्व त्याच्या मुळाशी आहे. गुरुजींनी कायद्याच्या कितीतरी आधी तेच विचारले होते.

६. शब्दांविषयी

नव्या कारभाराला नवे शब्द लागतात, ही जाण आपल्याकडे जुनी आहे. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला. आमच्या वडोदऱ्यात सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९३१ साली, ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरु’ हा अनेक भाषांतील प्रशासकीय प्रतिशब्दांचा कोश निघाला. त्या वाटेने जाताना मला एक गोष्ट जाणवते. डेटा, सर्व्हर, बॅकअप हे शब्द रुळले आहेत, त्यांना हात लावण्याचे कारण नाही. पण जेथे आपल्या जवळचा शब्द समज वाढवतो तेथे तो वापरावा. ‘प्रॉडक्शन’ म्हटल्याने नव्या मुलाला कारखाना आठवतो. ‘पक्की वही’ म्हटले की येथे खाडाखोड चालत नाही, हे तो न सांगता समजतो. ‘मास्किंग’ला ‘मुखवटा घालणे’ म्हटल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, मुखवट्यामागून आवाज ओळखू आला तर?” पाचव्या भागातला सगळा विचार त्या एका प्रश्नात होता.

७. आपण काय करू शकतो

प्रोग्राम लिहिणाऱ्याजवळ मराठी नावांची चांगली बनावट यादी नसते, म्हणून तो पक्क्या वहीकडे धाव घेतो. अशी यादी तयार करणे हे भाषा जाणणाऱ्यांचे काम आहे. कथा-कादंबरी लिहिणाऱ्याला खरी वाटणारी, पण कोणाचीही नसलेली माणसे घडवण्याचा सराव असतो. ते कौशल्य येथे उपयोगी पडेल. वर्गात घेता येतील असे पुढील अभ्यास सुचवतो.

१. पन्नास बनावट पूर्ण नावे तयार करा. त्यांत ऱ्य किंवा ऱ्ह, ळ, क्ष, ज्ञ, ॲ आणि अनुस्वार प्रत्येकी निदान तीनदा यावेत. स्त्रिया आणि पुरुष समान असावेत. ओळखीच्या कोणाचेही पूर्ण नाव येऊ नये.

२. त्यांतील सर्वांत लांब पाच नावांची अक्षरे, चिन्हे आणि बाइट मोजा. तिन्ही आकडे वेगळे का येतात ते लिहा.

३. तीच नावे गुजराती, कन्नड, तेलुगू किंवा रोमन यांपैकी तुमच्या गावच्या लिपीत लिहून पुन्हा देवनागरीत आणा. काय हरवले ते नोंदवा. गुजरातीतून परत येताना ऱ्ह आणि र्ह यांतला भेद राहत नाही. रोमनमधून ‘काळे’ आणि ‘काले’ एकच होऊन येतात.

४. प्रत्येक नावाला द्वितीया आणि षष्ठीचे प्रत्यय लावा. ज्या नावाचे सामान्यरूप कसे करावे याविषयी वर्गात दुमत होईल ते नाव यादीत अवश्य ठेवा.

५. आपल्या शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या कार्यालयात नम्रपणे विचारा : आमची नावे तुमच्या चाचणीच्या प्रणालीत आहेत का?

पाचव्या प्रश्नाला आमच्या संस्थेत आता लेखी उत्तर द्यावे लागते. त्या शिकाऊ मुलीने नंतर आमच्याकडे बरीच वर्षे काम केले, आणि मुखवट्याचे पहिले सूत्र तिनेच लिहिले. गुरुजींनी ठेव काढून घेतली नाही. मात्र दर महिन्याला येऊन ते पासबुक भरून नेत आणि शेवटची बेरीज काउंटरवर उभे राहून स्वतः तपासत.